पेटीतला पारा

माझ्या फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात वाटाणे असतात, मधल्यात मासे आणि सगळ्यांत खालच्यात गोगलगायींची अंडी. पाहुण्यांसमोर खालचा कप्पा उघडायचा नाही, एवढं पथ्य मी पाळते. बाकी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आम्ही हौसेने काचेच्या पेटीत पाळतो ती तळहाताएवढी होणारी आफ्रिकी गोगलगाय एका वेळी दोनशे अंडी घालते, वर्षातून चार-पाच वेळा घालते, आणि यांच्यात नर-मादी असा भेदच नसल्यामुळे पेटीतली प्रत्येकजण घालते. "पण जीव आहे हो तो," असं म्हणणारं कुणी भेटलं की मी विचारते, हजार जीव कुठे ठेवणार आहेस, बाथरूममध्ये? बागेत सोडलेस तर इथल्या थंडीत आठवडाभर कुडकुडत मरतील. त्यापेक्षा घातल्या दिवशीच अंडी फ्रीझरमध्ये टाकावीत, आत काही धरायच्या आधी. याला मी दया म्हणते. अजूनही म्हणते.

ग्रिम्सबी या आमच्या बंदराच्या गावातल्या गोगलगाय मंडळाचे नऊ नियम मीच केले. चर्चमागच्या हॉलमध्ये, चहाच्या बंबाशेजारच्या भिंतीवर ते प्लास्टिकमध्ये घालून लावलेत. वर्षाला एकच खेप उबवायची. तिसऱ्या महिन्यानंतर पिल्लं निवडायची आणि खुरटी निघतील ती काढून टाकायची. खुरटी म्हणजे नुसती लहान नव्हे. तिचा शंख वाढायचा थांबतो, पण आतलं अंग थांबत नाही. लहान झालेल्या बुटात पाय कोंबावा तसं सगळं अंग त्या शंखात कोंबलं जातं आणि वर्षभर ती हळूहळू गुदमरत राहते. तिला ओरडता येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पुढचे नियम असे, की भावंडांची जोडी लावायची नाही, कुळकार्ड नसलेल्या जोडीची अंडी उबवायची नाहीत, आणि पेटीत काही बिघडलं तर लपवायचं नाही, एप्रिलच्या नाहीतर ऑक्टोबरच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवायचं. हे नियम चांगले आहेत. त्यांतला एकही खोटा नाही. खोटी होते ती मी.

एकोणीस वर्षांपूर्वी क्लीथॉर्प्सच्या रविवारच्या बाजारात एका माणसाकडून मी आठ पिल्लं घेतली. आइस्क्रीमच्या एकाच डब्यात होती, एकाच खेपेची, म्हणजे सख्खी भावंडं. तेव्हा मला कशातलं काही कळत नव्हतं. दोन वर्षांनी लिंकनहून एक बाई माझ्याकडे जोडी मागायला आली. तिने डोळे बारीक करून विचारलं, "वेगवेगळ्या घरची आहेत ना?" त्या बाईच्या अंगावर चांगला कोट होता, आणि मी मासळीच्या कारखान्यातून नुकती घरी आलेली, हाताला वास. मी म्हणाले, "म्हणजे काय. चार इथली, चार नॉरिचची." नॉरिचला मी आयुष्यात गेलेले नाही. पण ते वाक्य तिने लिहून घेतलं, आणि तिच्या वहीतून ते पुढे माझ्या कार्डावर आलं. मंडळ निघालं तेव्हा माझंच कुळ सगळ्यांत शुद्ध ठरलं. या गावात आणि आसपास चाळीसेक घरांत माझ्या गोगलगायी आहेत, प्रत्येकीबरोबर माझ्या अक्षरातलं कार्ड आहे.

खुरटी सख्ख्या रक्तामुळेच निघतात हे मला कधी कळलं, असं कुणी विचारलं तर सांगते, चौथ्या वर्षी. तोवर शंभरात दोन खुरटी निघत. मग सहा निघाली, मग बारा. मी बाकीच्यांसारखी तीन महिने थांबायचे नाही, सहाव्या आठवड्यातच बोटाने चाचपून संशयित ते सगळं खालच्या कप्प्यात टाकायचे. बैठकीत माझ्या पेटीत तीस पिल्लं, तिसाच्या तीस गुटगुटीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतरांकडे खुरटी निघत, ती त्यांनाच आपली चूक वाटे. शंखाला चुना मिळावा म्हणून खायला ठेवतात तो समुद्रफेस कमी घातला असेल, माती कोरडी पडली असेल, असं म्हणून ती माणसं गुपचूप त्यांची वासलात लावायची आणि बैठकीत माझ्या पेटीकडे बघून उसासे टाकायची. गोगलगाय नि पोटात पाय, असं लोक म्हणतात, ते गोगलगायीला उगाच चिकटवलंय. तिचा पाय पोटाशी असतो तो काचेतून सगळ्यांना दिसतो. माझा दिसत नव्हता.

आता ग्लेंडाचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगते आहे.

ग्लेंडा माझी नणंद. माझ्या क्लिफर्डची धाकटी बहीण, लग्न न केलेली, तीस वर्षं मासे कापून मनगटं वाकडी झालेली. क्लिफर्ड होता तोवर ती रविवारी जेवायला यायची आणि त्याच्याशी बोलून जायची. माझ्या वाट्याला "वाटाणे छान झालेत" एवढंच. तो गेला त्या वर्षी ती एकदम मिटली. दुकानात जायची, घरी यायची, दार लावायची. शेवटी मीच तिला एक जोडी दिली, कार्डासकट. क्लिफर्डच्या काचघरातला जुना उष्णतामापकही दिला, तिला त्याची आठवण म्हणून हवा होता. वाकड्या नळीत पारा, आणि पाऱ्याच्या टोकांशी दोन बारीक लोखंडी काड्या. पारा जिथवर जाऊन आला तिथे काडी अडकून राहते, म्हणजे जास्तीत जास्त ऊन किती आणि कमीत कमी गारठा किती, हे नंतरही वाचता येतं. काडी परत आणायला छोटं चुंबक फिरवावं लागतं. ते चुंबक पहिल्याच वर्षी कुठेतरी हरवलं, तेव्हा ग्लेंडाने ऊब वाचायला काचेवर नवी आकड्यांची पट्टी चिकटवली आणि तो मापक पेटीच्या मागच्या भिंतीला तसाच राहिला. हळूहळू त्यावर शेवाळ चढलं.

त्या दोन गोगलगायींनी ग्लेंडाला माणसांत आणलं. मोठीचं नाव तिने स्किपर ठेवलं, तिच्या वडिलांच्या बोटीवरच्या कप्तानाला स्किपर म्हणायचे म्हणून. बैठकीला ती सगळ्यांत आधी यायची, खुर्च्या मांडायची, बंबात पाणी भरायची. डायरी ठेवायची, रोजची. काकडी किती खाल्ली, रताळं किती खाल्लं, समुद्रफेस कधी बदलला, सकाळची ऊब, संध्याकाळची ऊब. मंडळातला डेझमंड, जन्मभर पोस्टमन होता तो, तिला चिडवायचा, "ग्लेंडा, एवढं तर राजवाड्यात राजाचंही लिहीत नसतील." आणि ती लाजायची. सदुसष्टाव्या वर्षी कुणीतरी तिला चिडवतंय याचंच तिला अप्रूप होतं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

गेल्या ऑक्टोबरात तिने पहिली खेप उबवली. एकोणतीस पिल्लं ठेवली. फेब्रुवारीत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ती चार दिवस हॉस्पिटलात होती, तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज गेले, काकडी घातली, पाणी शिंपडलं. पेटीखालची विजेची चटई व्यवस्थित चालू होती. काचेला हात लावला तर ऊब लागत होती, हे मला चांगलं आठवतं, कारण बाहेरून आल्यावर मी दोन्ही हात तिथेच शेकायचे.

एप्रिलच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. कोट न काढताच बसली.

"नोरीन, सतरा खुरटी आहेत."

"एकोणतिसांत सतरा?"

"तीनदा मोजली. बारा बरी आहेत. सतरांचे शंख जानेवारीतच थांबलेत, आता मान आत ओढता येत नाही त्यांना. मी नियमाच्या वेळेला बघायला हवं होतं, पण ऑपरेशन आलं मध्ये. अगं, त्यांना त्रास होत असेल ना?"

"होत असेल. आज जाऊन फ्रीझरमध्ये टाक. उद्या बारा घेऊन ये. कोण मोजतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चच्या दानपेटीतून नाणी काढायला सांगितली. "सातवा नियम तूच केलायस. लपवायचं नाही."

"नियम नवख्यांसाठी असतात, बाई."

"मी नवखीच आहे," ती म्हणाली. "आणि माझं काय चुकलं ते मला कळायला हवं. डायरी आणते उद्या. डेझमंड आहे, तू आहेस, कुणीतरी सांगेल."

तिला खरंच वाटत होतं की कुणीतरी सांगेल. मी तिला केक दिला. तिने अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून घेतला, आणि गेली. ती गेल्यावर मी बराच वेळ भांडी घासत बसले, स्वच्छ होती ती सुद्धा.

बैठकीला वीसेक माणसं होती. ग्लेंडाने दोन डबे टेबलावर ठेवले, एकात बारा, एकात सतरा, आणि झाकणं काढली. लोक उठून बघायला आले. सगळ्यांच्या घरी असलं काही ना काही निघालेलं होतं, पण टेबलावर असं कुणी मांडलं नव्हतं. मग ती डायरी वाचायला लागली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, आणि शंख वाढायचे थांबले तो जानेवारी. सकाळी चोवीस अंश, संध्याकाळी पंचवीस. माती ओली. समुद्रफेस नवा. ती मध्ये कुठे थांबली नाही, आणि दहा मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं की इतकी नेटकी पेटी आपल्यापैकी कुणाचीच नाही.

डेझमंडने चष्मा काढून पुसला. "ऊब ठीक, माती ठीक, खाणं ठीक," तो म्हणाला. "मग राहिलं काय? रक्तच ना?" हे तो वाईट हेतूने बोलला नाही, नुसती बेरीज करत होता. पण बोलून झाल्यावर तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्याबरोबर सगळा हॉल वळला. "नोरीन, तुझी जोडी होती ना ही?"

खाई त्याला खवखवे. आधी मी पाणी प्यायले. एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. चाळीस घरं, चाळीस कार्डं. नवरा गेलेली, मासळीच्या वासाची एक म्हातारी, जिला या एका हॉलमध्ये लोक उठून खुर्ची देतात. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडी छी-थू झाली असती. लोकांनी लांबून नव्या जोड्या आणून रक्त पालटलं असतं. पाच वर्षांत सगळं नीट झालं असतं. आज मला हे स्पष्ट दिसतं, आणि खरं म्हणजे त्या दिवशीही दिसत होतं.

"मला हे सांगायचं नव्हतं," मी म्हणाले. "ग्लेंडा, तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा तुझी पेटी गार पडली होती. चटईचा प्लग सैल होता. कधीपासून होता देव जाणे. मी लावला आणि गप्प बसले. आजारी माणसाला कशाला सांगायचं."

ग्लेंडाने डायरी मिटली. तिने माझ्यावर एका क्षणाचाही संशय घेतला नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, कारण तिला कारण मिळालं होतं. जानेवारीत थांबलेले शंख फेब्रुवारीतल्या गारठ्याने कसे थांबतील, हे डेझमंडच्या लक्षात येईल अशी मला भीती होती. तो पोस्टमन होता, तारखा त्याला कळतात. पण ग्लेंडाच आधी बोलली.

"मीच प्लग तपासला नाही," ती म्हणाली. "निघताना घाईत होते. माफ करा सगळ्यांनी. नोरीन, तू मला सांभाळून घेतलंस."

वीस माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. ग्लेंडाची पेटी गार पडलेली असली तर आपापल्या घरातली कार्डं शाबूत राहत होती.

"या बारांचं काय करायचं मग?" डेझमंडने विचारलं. "चांगली दिसतात की ही."

खरी नीचपणाची गोष्ट इथे आहे, आधीची नव्हे. ती बारा वाढली असती तर पुढच्या वर्षी त्यांनी अंडी घातली असती, आणि उबेच्या पेटीतही खुरटी निघाली असती. तेव्हा कुणी प्लगचं ऐकलं नसतं. मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "आठवा नियम. बाधलेल्या पेटीतलं काही ठेवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. वरून चांगली दिसली तरी गारठा आत बसतो. आणि तीन वर्षं उबवणं बंद." मग माझा आवाज मऊ करून म्हणाले, "ग्लेंडा, मला वाईट वाटतंय. पण नणंद आहे म्हणून नियम वाकवला तर लोक काय म्हणतील?"

"बरोबर आहे," ग्लेंडा म्हणाली. तिने दोन्ही डब्यांना झाकणं लावली. खुर्च्या उचलून ठेवायला त्या दिवशीही ती शेवटपर्यंत थांबली होती.

बुधवारी सकाळी ती आली. बाजाराची चाकांची पिशवी ओढत आली, पिशवीत धुऊन पुसलेली काचेची पेटी. हंबर नदीवरून असा वारा सुटला होता की तिचं नाक लाल झालं होतं. वीस मिनिटांचा रस्ता आहे तिच्या घरापासून. मी चहा ठेवला. तिने कार्ड काढून टेबलावर ठेवलं, माझ्या अक्षरातलं.

"झालं," ती म्हणाली. "आधी फ्रिजमध्ये ठेवल्या, झोपल्यावर मग फ्रीझरमध्ये. तू शिकवलंस तसं. एकतीस."

"एकोणतीस."

"स्किपर आणि दुसरी धरून एकतीस."

"त्यांना कुणी सांगितलं होतं? त्या तर मोठ्या होत्या."

"चार दिवस मला त्यांना ऊब देता आली नाही. मग कुणाच्या भरवशावर ठेवू त्यांना? पुन्हा आजारी पडले तर?" ती कपाकडे बघत बोलत होती. "स्किपरला वेळ लागला झोपायला. दोनदा बाहेर येऊन बघत होता."

मग तिने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. क्लिफर्डचा मापक होता. शेवाळ खरवडून साफ केलेला.

"पेटी धुवायला घेतली तेव्हा मागून हा निघाला. विसरूनच गेले होते. पेटी गरम होती अजून, चटई बंद केली नव्हती मी. जागच्या जागी वाचला. गारठ्याची काडी बावीसवर होती." तिने रुमालाची घडी घातली. "चुंबक हरवल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही, नोरीन. दोन हिवाळे. दोन हिवाळ्यांत माझी पेटी बावीसच्या खाली गेलेली नाही."

मी मापक उचलला. बोटं थंडगार झाली. काडी नऊवर होती.

"हो," ग्लेंडा म्हणाली. "आता नऊ दाखवतोय. रस्त्यात सरकली. खिशात घालून निघाले, आणि चर्चपाशी आल्यावर डोक्यात उजेड पडला की बाहेरचा गारठा हा आता स्वतःच लिहून घेणार. परत फिरून काय उपयोग." ती हसली, अगदी थोडं. "क्लिफर्डने मला मूर्ख म्हटलं असतं. जाऊ दे. मंडळाला दाखवायला नाही आणला मी. तुला विचारायला आणलाय. पेटी गार होती का?"

तिला पुरावा नको होता. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, मग ते काहीही असो. ती कुणाकडे गेली नसती, मला आजही खात्री आहे. तिने चहा संपवला असता, थोडी रडली असती, आणि कदाचित पुढच्या रविवारी जेवायलाही आली असती. टेबलावर आम्हा दोघींच्या मध्ये तिच्या भावाची वस्तू पडली होती. खरं बोलायला याहून सोपी जागा मला कधी मिळाली नव्हती आणि मिळणार नाही.

"गार होती," मी म्हणाले. "आणि हा बघ ना, नऊच दाखवतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण चहावर साय धरली. मग तिने एकेक बोट करून हातमोजे घातले.

"डायरीत बावीस लिहिलंय मी," ती म्हणाली. "कुणाला दाखवणार नाही. लिहून ठेवलंय फक्त."

पेटी आणि मापक माझ्याकडेच ठेवून रिकामी पिशवी ओढत ती गेली. त्या रविवारी ती जेवायला आली नाही, नंतरच्याही नाही. दुकानात दिसली तर मान हलवते, शेजाऱ्याला हलवावी तशी. डेझमंड दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आला. दार उघडलं नाही म्हणाला.

उन्हाळ्यात माझ्या पेटीतल्या शंभरांतली चौसष्ट मी सहाव्या आठवड्यात काढली. ऑक्टोबरच्या बैठकीत तीस नेली, तिसाच्या तीस गुटगुटीत. खुर्च्या मांडायला कुणी नव्हतं, म्हणून उशिरा सुरू झालं. एक नवी बाई आली होती, तरुण, हौशी, वही घेऊन. तिला मी एक जोडी दिली आणि कार्ड लिहिलं, चार इथली, चार नॉरिचची. तिने नियम वाचले, तोंडभर कौतुक केलं, मग आठव्यापाशी थांबून विचारलं, असं खरंच कधी करावं लागलंय का.

"एकदाच," डेझमंड म्हणाला. "ग्लेंडा म्हणून होती. बाई चांगली होती, पण बेफिकीर."

मी बंबाशी उभी होते. मी त्याला विचारलं, साखर किती.